आधी ऐंशी, मग एकतीस

डोंबिवलीत आमचा एक श्रवणगट आहे. गट म्हणजे बारा-चौदा डोकी, महिन्याचा शेवटचा रविवार, एका ग्रंथालयाचा वरचा मजला आणि चहाचा थर्मास. कुणी भाषण करायचं नाही एवढा एकच नियम, आणि तो दर महिन्याला मोडतो. २०२२ हे पंडित भीमसेन जोशींच्या जन्मशताब्दीचं वर्ष. मे महिन्याच्या बैठकीत फक्त भीमसेनजी ऐकायचे हे मार्चमध्येच ठरलं. मार्च ते मे आम्ही जे भांडलो त्याचं हे टिपण. भांडण वरवर एका कॅसेटवरून होतं.

यादी करायचं काम माझ्याकडे होतं. ख्याल, ठुमरी, अभंग असा नेहमीचा थाळा मला वाढायचा नव्हता. तो घरोघरी ऐकून झालेला असतो. मी सुचवलं की एकच गाणं घेऊ आणि ते त्यांच्या वेगवेगळ्या वयांत ऐकू. गाणं कुठलं याचा विचारच करावा लागला नाही. ‘इंद्रायणी काठी’. १९५३ च्या ‘गुळाचा गणपती’ या चित्रपटातलं. शब्द गदिमांचे, संगीत पु. ल. देशपांड्यांचं, अंगाला भीमपलास राग. भीमसेनजींचा जन्म ४ फेब्रुवारी १९२२ चा, म्हणजे तेव्हा वय एकतीसच्या आसपास. त्याच १९५३ मध्ये पुण्यात त्यांच्या गुरूंच्या नावाचा सवाई गंधर्व महोत्सव सुरू झाला. पुढची पन्नासएक वर्षं त्यांनी हे गाणं गायलं, कारण लोकांनी ते सोडूच दिलं नाही. अभंगांचा कार्यक्रम असला की मागच्या रांगेतून आवाज यायचाच. लहान मुलाची उंची आपण दरवर्षी दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने मांडतो, तशी या गळ्याची उंची मांडायला हे गाणं मला सोयीचं वाटलं.

चौकटीवरची पहिली खूण चित्रपटातली. मधल्या मैफलींची ध्वनिमुद्रणं कुणाकडेही मिळतात. शेवटची खूण मात्र आमच्या गटातल्या एका ताईंकडे होती. त्यांच्या यजमानांनी, जे आता नाहीत, सभागृहात बसून भरलेली कॅसेट. पाकिटावर निळ्या शाईत ‘पंडितजी – अभंग’ एवढंच. तारीख नाही. ताईंनी मुलाचं लग्न, यजमानांचं पहिलं ऑपरेशन, नवा टेपरेकॉर्डर असं मागे-पुढे जोडून हिशेब केला तो असा की पंडितजी तेव्हा ऐंशीच्या घरात होते.

ती कॅसेट यादीत आली आणि आमचे काका म्हणाले, “ती लावणार असाल तर मी येत नाही.”

काकांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. ते बँकेतून निवृत्त झाले त्यालाही आता वीस वर्षं झाली. तरुणपणी सवाईसाठी रजा टाकून पुण्याला जायचे, रमणबागेच्या पटांगणात शाल पांघरून रात्ररात्र बसायचे. महोत्सवाच्या शेवटच्या सकाळी भीमसेनजी गायला बसले की आदल्या रात्रीचं जागरण कुठल्या कुठे जायचं, असं ते सांगतात. “मी तो माणूस तळपताना पाहिलाय. तान सुटली की हात असा वर जायचा, मान अशी फिरायची, अन् तुम्ही बसल्याजागी सावरून बसायचात. त्याच माणसाला दोन शब्दांत दम लागलेला मी का ऐकू? घरातलं म्हातारं माणूस आजारी पडलं की आपण पाहुण्यांना बाहेरच्या खोलीत बसवतो. आत नेऊन दाखवत नाही.”

याच्या उलट टोकाला आयटीत काम करणारा एक मुलगा. त्याने आयुष्यात भीमसेनजींना समोर एकदाही ऐकलेलं नाही. त्याचे भीमसेन म्हणजे ‘मिले सुर मेरा तुम्हारा’च्या सुरुवातीचे. तो म्हणाला, “मला तर त्यांचा आवाज म्हातारा असा कधी वाटलाच नाही.” मी सहज हिशेब केला. ते गीत दूरदर्शनवर पहिल्यांदा लागलं १५ ऑगस्ट १९८८ ला. पंडितजी ६६ वर्षांचे होते. देशात सगळ्यांत जास्त कानांवर पडलेला त्यांचा आवाज सहासष्टीचा आहे! लता मंगेशकरांबरोबरचं श्रीनिवास खळ्यांचं ‘राम श्याम गुण गान’ १९८५ चं, तेव्हा ते ६३ चे. म्हणजे भीमसेन म्हटल्यावर महाराष्ट्रातल्या निम्म्या घरांत जो आवाज आठवतो, तो कुठल्याही सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्या माणसाचा आवाज आहे. हे मी बैठकीत सांगितलं तेव्हा काका म्हणाले, “त्रेसष्ट वेगळं अन् ऐंशी वेगळं.” बरोबर आहे. फरक कुठे पडतो, हाच तर प्रश्न होता.

गटात एक कान-नाक-घशाचे डॉक्टर आहेत. त्यांना आम्ही नियम मोडायची रीतसर परवानगी दिली. स्वरयंत्रातल्या दोन पट्ट्या श्वासाच्या झोताने एकमेकींवर आपटतात, त्यातून आवाज होतो. काळी एकच्या, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या चावीच्या, षड्जाला त्या सेकंदाला साधारण १३८ वेळा आपटतात, तारषड्जाला दुप्पट, २७७. वयानुसार या पट्ट्यांमधला स्नायू रोडावतो, वरचा मऊ ओलसर पदर पातळ आणि कोरडा होतो. भोवतालच्या कूर्चा हाडासारख्या कडक होत जातात. पट्ट्या मध्यभागी नीट मिटत नाहीत, फट राहते. त्या फटीतून हवा वाया जाते, म्हणून आवाज फुसफुसतो आणि दमही लवकर संपतो. त्यात फुप्फुसाची पिशवीच लवचीक राहिलेली नसते. “म्हणजे गळती नळाला आहे आणि टाकीही लहान झालीये,” डॉक्टर म्हणाले. बायकांचा आवाज वयानुसार खाली उतरतो, पुरुषांचा उलट किंचित चढून पातळ होतो. सूर मुळात चुकतो तो बहुधा कानाने नाही. कान सांगतो ते गळ्याकडून तेवढ्या वेळात होत नाही, म्हणून चुकतो. हे शेवटचं वाक्य मला फार महत्त्वाचं वाटलं. म्हाताऱ्या गवयाचा कान शाबूत असला तर आपला सूर कुठे लागला नाही, हे सभागृहात सगळ्यांच्या आधी त्यालाच कळतं.

भीमसेनजींच्या बाबतीत वयाच्या जोडीला आजारही होते. १९९९ मध्ये मेंदूतल्या गाठीवर शस्त्रक्रिया झाली. त्यानंतरही ते गायले. २००७ च्या सवाईत बसले तेव्हा वय ८५, आणि जाहीर मैफलीतलं ते शेवटचं गाणं ठरलं. २००८ मध्ये भारतरत्न जाहीर झालं. २४ जानेवारी २०११ ला ते गेले.

एप्रिलमध्ये ताईंची कॅसेट माझ्या घरी आली आणि एक गंमत झाली. मी ती जुन्या डेकवर लावली, फोनवर तानपुऱ्याचं ॲप सुरू केलं आणि पट्टी, म्हणजे गाण्याचा मूळ सूर, जुळवून पाहिली. पांढरी एकच्या आसपास, म्हणजे काळी एकच्या अर्धा स्वर खाली, सूर लागत होता. ग्रुपवर मी मोठ्या रुबाबात लिहिलं की पंडितजींनी उतारवयात अर्धा स्वर उतरवलेला दिसतो. त्यावर दोन दिवस चर्चा झाली. कुणी हळहळलं, कुणी शहाणपणाचं कौतुक केलं, काकांनी नुसता हात जोडलेला इमोजी टाकला. मग गाणं शिकवणाऱ्या बाईंनी फोन केला. “अहो, तुमच्या डेकचा पट्टा कधी बदललाय?”

कधीच बदलला नव्हता. शेजाऱ्यांच्या डेकवर तीच कॅसेट लावली तर सूर जवळजवळ काळी एकला! काळी एक आणि पांढरी एक यांत फरक सहा टक्क्यांचा. म्हणजे टेप सहा टक्के सावकाश फिरली की गवई अर्ध्या स्वराने म्हातारा होतो, आणि भरताना किंवा वाजवताना तेवढीच उलटी चूक झाली की अर्ध्या स्वराने तरुण. शेजाऱ्यांचा डेक तरी बरोबर कशावरून? यजमानांनी ज्या यंत्रावर भरली त्याचे सेल उतरलेले असले तर? जुन्या रेकॉर्डवरून गवयाची पट्टी ठरवून त्याच्या वयाबद्दल मतं ठोकणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्यांत दोन दिवस मीही होतो.

पट्टीचा पुरावा निकालात निघाला. मग उरलं काय, ते पाहायला आम्ही तिघं, मी, ताई आणि गाण्याच्या बाई, एका दुपारी कॅसेट घेऊन बसलो. पंखा बंद केला, कारण त्याची घरघर बरोबर खर्जाच्या अंगाने जात होती. मेच्या उंबरठ्यावरची डोंबिवली, घामाच्या धारा. बाई वहीत रेघा ओढत होत्या.

तरुणपणच्या गाण्यात श्वास कुठे घेतला ते शोधावं लागतं. ओळ एका दमात आल्यासारखी वाटते, श्वास शब्दांच्या सांध्यात लपलेला असतो. दमसास म्हणतात तो हा. कॅसेटमध्ये श्वास लपत नाही. तो ऐकू येतो. पहिल्यांदा ऐकताना कान तिकडेच जातो आणि काकांचं म्हणणं पटतं. बाईंनी तो तुकडा चार वेळा मागे नेला. “बघा, श्वास तुटलाय पण शब्द तुटला नाहीये. कुठल्याही अक्षराच्या पोटात त्यांनी श्वास घेतलेला नाही. आधी जागा ठरवलीये, मग ओळ सुरू केलीये.” पुढे तारसप्तकात जायची वेळ आली. तरुण भीमसेन तिथे उडी मारून जातात आणि वर बसून राहतात. इथे वरच्या स्वराला नुसता हात लावला, मींडेने, म्हणजे स्वर न तोडता घसरत, खाली आले, आणि वर जे उरलं होतं ते पेटीवाल्याने भरलं. मागे बसलेल्या शिष्याने ओळ उचलली. तेवढ्यात पंडितजी खालच्या षड्जावर येऊन थांबले होते. तो षड्ज मात्र असा लागला होता की बाईंची पेन्सिल वहीवर टेकलेलीच राहिली.

किराणा घराण्याची शिकवणच ही आहे, असं बाईंचं मत. अब्दुल करीम खाँपासून सवाई गंधर्वांकडे आणि तिथून भीमसेनांकडे जे आलं त्यात पाया सुराचा. एकेक स्वर सावकाश, धीराने मांडत न्यायचा. भीमसेनजींनी त्यावर इतर घराण्यांतून उचललेली तानांची आतषबाजी चढवली. तिने लोक वेडे झाले. वयाने आतषबाजी विझवली आणि खालचा पाया उघडा पडला. हे मला पटतं, पण पूर्ण नाही. पाया उघडा पडला म्हणून इमारत पडल्याचं दुःख होऊ नये, असं थोडंच आहे? त्या ताना गेल्या. त्या परत येणार नव्हत्या. ‘आवाज थकला पण गाणं पिकलं’ हे वाक्य आपण इतक्या सहज टाकतो की त्यात त्या गवयाचं काय गेलं ते पुसूनच जातं. काकांचा राग खरं तर या खोट्या दादेवर होता, हे मला बऱ्याच उशिरा कळलं.

आता थांबावं की गात राहावं, हा प्रश्न आपल्या संगीतात वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळा सोडवलेला आहे. गोव्यातल्या केरीच्या केसरबाई केरकरांनी साठच्या दशकाच्या मध्यावर जाहीर गाणं थांबवलं. आवाज उतरलेला लोकांनी ऐकावा, ही वेळच येऊ दिली नाही. पुढे त्या बारा-तेरा वर्षं जगल्या. सप्टेंबर १९७७ मध्ये त्या गेल्या, त्याच सुमारास त्यांची भैरवी व्हॉयेजर यानातून पृथ्वीबाहेर निघाली होती. काकांचं दैवत खरं म्हणजे केसरबाई असायला हव्या होत्या. मल्लिकार्जुन मन्सूरांचं उलटं. देशभर नाव झालं तेच साठीच्या पुढे. विडी ओढून कमावलेला तो खरखरीत आवाज लोकांनी जसा होता तसा डोक्यावर घेतला, कारण तरुण मन्सूर फारसे कुणाच्या कानात नव्हतेच. गंगूबाई हनगलांचा गळा तर ऐन उमेदीतच टॉन्सिलच्या इलाजानंतर बदलला. कोवळ्या, उंच आवाजाच्या ‘गांधारी’ या नावाने निघालेल्या त्यांच्या रेकॉर्डी ऐका, हीच बाई का असं वाटतं. म्हातारपण येण्याआधी त्यांनी एक आख्खा आवाज गमावून दुसरा उभा केला होता, म्हणून पुढचं म्हातारपण त्यांना जड गेलं नसावं. हा माझा तर्क आहे.

आणि सवाई गंधर्व. भीमसेनांचे आणि गंगूबाईंचेही गुरू. पक्षाघाताने त्यांचं गाणं थांबलं आणि १९५२ मध्ये ते गेले. थांबायचं की नाही हे त्यांना कुणी विचारलंच नाही. ज्या शिष्याने गुरूचा गळा असा बंद झालेला पाहिला आहे, तो स्वतःचा गळा अर्धा चालत असताना आपण होऊन बंद करील का? भीमसेनजींच्या मनात काय होतं ते मी सांगू शकत नाही. पण ऐंशीच्या घरातली ती कॅसेट ऐकताना हे मनातून जात नाही.

तर आता निर्णय. बैठकीच्या आदल्या आठवड्यात मी यादी कागदावर लिहून काढली: १९५३, मग साठी-सत्तरीतली दोन, शेवटी कॅसेट. वाचली आणि लक्षात आलं की ही यादी म्हणजे अंत्ययात्रा आहे. असं लावलं तर कॅसेटमध्ये जे जे नाही तेवढंच ऐकू येणार, कारण कान आधीच्या गाण्याने भरलेले असणार. काका म्हणतात ते सिद्ध करायचं असेल तर याहून चांगला क्रम नाही. मी कागद उलटा केला. आधी ऐंशी, मग मागे मागे जात एकतीस. ताईंना विचारलं. त्या म्हणाल्या, “हे आधी का नाही सुचलं?” काकांना फोन करून प्रामाणिकपणे सांगितलं की कॅसेट पहिल्यांदा लागेल, पाचला. तुम्ही साडेपाचला या, म्हणजे चुकेल. ते म्हणाले, “येतो.” आवाजात समाधान होतं.

रविवारी पाचला आम्ही सहाच जण होतो. ॲम्प्लिफायरची पिन सैल, ती दाबून धरायला रबर शोधण्यात वीस मिनिटं गेली. चहा झाला. कॅसेट सुरू झाली तेव्हा साडेपाचला पाच कमी होते आणि हे माझ्या लक्षात आलंच नाही.

पंखे बंद, खिडक्या उघड्या, खालून रिक्षांचे हॉर्न. पहिला श्वास ऐकू आला तेव्हा दोघा-तिघांनी मान खाली घातली. मधल्या ओळीपर्यंत मुद्दाम बघितलं तर माना परत वर आलेल्या. आयटीतला मुलगा डोळे मिटून बसला होता. ताई मात्र गाण्याकडे लक्ष देत नव्हत्या. टेपमध्ये एका ठिकाणी अगदी माइकजवळून कुणीतरी हळूच ‘वा’ म्हणतं, त्या ती जागा यायची वाट पाहत होत्या. तो आवाज यजमानांचा. आमच्या वादात हे त्यांनी कधीच सांगितलं नव्हतं.

त्यानंतर सत्तरीतलं, साठीतलं, आणि शेवटी चित्रपटातलं लागलं. मला भीती होती की शेवटच्या गाण्याने पहिलं पुसून जाईल. झालं वेगळंच. एकतिशीतला आवाज आला, लखलखीत, काठोकाठ भरलेला, आणि आमच्यातल्या तिघांनी नंतर वेगवेगळं येऊन एकच सांगितलं: हे गाणं त्यांना घाईत वाटलं. तबकडीच्या तीनेक मिनिटांत बसवायचं म्हणून घाई असेल, चित्रपटाची गरज असेल, ते सोडा. पण पन्नास वर्षं मी ते गाणं ऐकतो आहे आणि मला त्यात घाई कधी दिसली नव्हती. त्या आवाजाला अजून समाधी म्हणजे काय ते ठाऊक नाही, असं बाई म्हणाल्या. हे जरा जास्त झालं असं मला वाटतं. एकतिशीतल्या माणसाने ते ठाऊक असल्याचा आव आणला नाही, इतकंच मी म्हणेन.

हा प्रयोग एका गटाचा, एका रविवारचा. क्रम उलटवल्याने ऐकणं बदललं, एवढं खात्रीने सांगतो. ज्यांनी तो माणूस तळपताना पाहिला होता अशांची संख्या खोलीत कमी होती, हेही सांगायला हवं. शिवाय क्रम उलटवणं ही एक प्रकारची चलाखीच आहे. आयुष्य त्या क्रमाने घडत नाही, आणि काकांनी ते सरळ क्रमाने पाहिलेलं होतं. त्यांना ‘तुम्ही चुकीचं ऐकता’ असं सांगायचा अधिकार आमच्यापैकी कुणालाच नाही.

काका आले होते. ते मला नंतर ताईंनी सांगितलं, कारण माझी पाठ दाराकडे होती. बरोबर साडेपाचला जिना चढून ते दारात पोचले, एक चप्पल काढली, आणि आत काय चाललंय ते कानावर पडलं. दुसरी चप्पल पायातच. एक हात चौकटीला. गाणं संपेपर्यंत ते तसेच उभे होते. आत आले नाहीत आणि जिना उतरूनही गेले नाहीत.

बैठक संपल्यावर थर्मासमधला उरलेला चहा मी त्यांना दिला. त्यांनी अर्धा प्याला. मी काही विचारलं नाही.

“तबल्यावर कोण होतं रे त्या कॅसेटमध्ये?” ते म्हणाले. “सांभाळत होता. फार सांभाळत होता.”

पाकिटावर नाव नव्हतं.